दंतवैद्यांचा बर्नआउट: स्वतःला बदलण्याआधी कामाचा दिवस बदला

दिवसभर खुर्चीशेजारी बसून काम केलेला दंतवैद्य संध्याकाळी थकतो, यात काळजी करण्यासारखे काही नाही. रात्रीची झोप आणि आठवड्याची सुट्टी यांनी तो थकवा उतरतो. काळजी करायची ती तो उतरेनासा होतो तेव्हा. सकाळी अपॉइंटमेंटची यादी पाहताच पोटात गोळा येतो, खुर्चीतली व्यक्ती माणूस न वाटता ‘३६ नंबरची दाढ’ वाटू लागते, रुग्णाने एखादा जादा प्रश्न विचारला तरी आवाज चढतो आणि उत्तम उतरलेल्या कामाकडे पाहूनही समाधान वाटत नाही. न उतरणारा थकवा, रुग्णांविषयी आलेला कोरडेपणा आणि स्वतःच्या कामावरचा उडालेला विश्वास या तिन्ही गोष्टी दीर्घकाळ एकत्र दिसू लागल्या, की त्या अवस्थेला बर्नआउट म्हणतात.

अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ हर्बर्ट फ्रॉइडेनबर्गर यांनी १९७४ मध्ये या अवस्थेचे वर्णन केले, आणि १९८१ मध्ये ख्रिस्तिना मास्लाक व सुझन जॅक्सन यांनी ती मोजण्यासाठी २२ विधानांची प्रश्नावली प्रसिद्ध केली. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये स्वीकारलेल्या आणि जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या रोगवर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीत बर्नआउटची नोंद आहे, परंतु ती आजार म्हणून नाही. कामाच्या ठिकाणी दीर्घकाळ साचलेला आणि नीट हाताळला न गेलेला ताण, असे त्याचे मूळ तेथे सांगितले आहे. मूळ कामाच्या ठिकाणी असेल तर उपायाची सुरुवातही तिथूनच व्हायला हवी, इतका साधा अर्थ त्यातून निघतो. तरीही आपल्या व्यवसायात थकलेल्या सहकाऱ्याला दिला जाणारा पहिला सल्ला बहुधा ध्यानधारणेचा किंवा चार दिवस बाहेर जाऊन येण्याचा असतो. दोन्ही गोष्टी चांगल्या आहेत, परंतु परत आल्यावर तीच यादी, तीच खुर्ची आणि तेच उशिराने धावणारे घड्याळ समोर असेल, तर सुट्टीचा परिणाम फार टिकत नाही.

फिनलंडमधील यारी हाकानेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २,५५५ दंतवैद्यांची माहिती तीन वर्षांच्या अंतराने दोनदा घेतली आणि तिचे निष्कर्ष २००८ मध्ये प्रसिद्ध केले. कामाचा बोजा पुढच्या काळातल्या बर्नआउटकडे आणि बर्नआउट पुढे नैराश्याकडे नेतो, तर कामातून मिळणारे आधार कामाविषयीची ओढ टिकवून धरतात, असे त्यात दिसले. म्हणून पुढे सांगितलेल्या प्रत्येक बदलाची दोनच उद्दिष्टे आहेत: बोजा कमी करणे किंवा आधार वाढवणे.

पहिले दोन आठवडे: काही न बदलता नोंद करा

आपण कशामुळे थकतो याविषयीचा स्वतःचा अंदाज बऱ्याचदा चुकतो. ‘रुग्ण फार त्रास देतात’ असे म्हणणाऱ्या दंतवैद्याने दोन आठवडे नोंद ठेवली, तर त्रास रुग्णांचा नसून दर तासाला दहा मिनिटांनी वाढत जाणाऱ्या उशिराचा आहे, असेही निघू शकते. त्यामुळे आधी मोजावे, मग बदलावे.

एका साध्या वहीत प्रत्येक रुग्णासमोर चार गोष्टी लिहाव्यात: कामाला किती वेळ दिला होता, प्रत्यक्षात किती लागला, उशीर झाला असल्यास कशामुळे झाला, आणि ते काम कधी व किती वेळात करायचे हे कोणी ठरवले होते. चौथा रकाना अनेकांना अनावश्यक वाटेल, परंतु माझ्या मते तोच सर्वांत बोलका आहे. भूल चढायला वेळ लागला, हा उशीर वेगळा, आणि रिसेप्शनवरून तुम्हाला न विचारता मध्येच एक रुग्ण बसवला गेला, हा उशीर वेगळा. पहिल्याने माणूस थकतो, दुसऱ्याने तो खचतो. दिवसाच्या शेवटी मान, कंबर आणि मनःस्थिती यांविषयी एकेक ओळ लिहिली तरी पुरे.

याच काळात कोपनहेगन बर्नआउट प्रश्नावलीही भरून पाहावी. तिच्यात १९ प्रश्न असून ते तीन गटांत विभागलेले आहेत: एकूण थकवा, कामामुळे येणारा थकवा आणि ज्यांच्यासाठी काम करतो त्या लोकांमुळे येणारा थकवा. ही विभागणी आपल्या फार उपयोगाची आहे. दुसऱ्या गटातले गुण जास्त आणि तिसऱ्यातले कमी असतील, तर रुग्णांविषयीची आस्था अजून शाबूत आहे आणि दुरुस्ती वेळापत्रकात किंवा व्यवस्थापनात करायची आहे, असे समजावे. मात्र ही प्रश्नावली म्हणजे निदान नव्हे. उदासी कामापुरती न राहता घरी, सुट्टीत आणि आवडत्या माणसांमध्येही सोबत राहत असेल, झोप किंवा भूक बिघडली असेल, तर ते नैराश्य असू शकते. सततच्या थकव्यामागे थायरॉइडचा विकार, रक्तक्षय किंवा झोपेतला श्वसनाचा अडथळाही असू शकतो. अशा वेळी स्वतःच निदान करत न बसता डॉक्टरांकडे जावे. आपल्या कपाटात वेदनाशामके आणि शामक औषधे हाताशी असतात, काही ठिकाणी गुंगी आणणारा नायट्रस ऑक्साइड वायूही असतो. ती स्वतःसाठी वापरण्याचा मोह हा धोक्याचा स्पष्ट इशारा आहे. जीव नकोसा झाल्याचा विचार मनात आला, तर त्याच दिवशी कोणाला तरी सांगावे आणि मानसोपचारतज्ज्ञांना किंवा आपत्कालीन सेवेला गाठावे. त्या स्थितीत या लेखातले बाकीचे सगळे नंतर पाहता येईल.

अपॉइंटमेंटची वही

दंतवैद्याचा ताण ज्या एका वस्तूतून सर्वाधिक घडतो, ती वस्तू ड्रिल नसून अपॉइंटमेंटची वही आहे. म्हणून सर्वाधिक कष्ट तिच्यावरच घ्यावेत.

वेळ ठरवताना आपण हात चालण्याचा वेळ धरतो आणि बाकीचा विसरतो. खालच्या जबड्यातल्या नसेला भूल दिल्यावर ती चढायला काही मिनिटे जातात, एक्स-रे काढावा आणि पाहावा लागतो, रुग्णाला समजावून त्याची संमती घ्यावी लागते, काम झाल्यावर नोंद लिहावी लागते, आणि पुढचा रुग्ण येण्यापूर्वी खुर्ची व आसपासचे पृष्ठभाग निर्जंतुक करून उपकरणे बदलावी लागतात. हा वेळ कोणत्याही कौशल्याने वाचवता येत नाही, आणि वाचवण्याचा प्रयत्न केला तर तो निर्जंतुकीकरणातून किंवा संभाषणातून चोरला जातो. नोंदवहीत प्रत्येक प्रकारच्या कामाला प्रत्यक्षात बहुतेक वेळा किती वेळ लागला ते पाहावे आणि तोच आकडा वहीत धरावा. विद्यार्थिदशेत शिकलेला किंवा शेजारच्या क्लिनिकमध्ये सांगितला जाणारा आकडा धरू नये.

दुसरी गोष्ट तातडीच्या रुग्णांची. दुखणारी दाढ वेळ ठरवून येत नाही, हे आपल्याला ठाऊक असूनही वही अशी भरली जाते की जणू आज कोणाला दुखणारच नाही. दिवसातल्या दोन जागा, एक दुपारच्या सुट्टीआधी आणि एक दिवसाच्या अखेरीकडे, रिकाम्या ठेवाव्यात आणि त्या आदल्या दिवशी कोणत्याही कारणाने भरू नयेत. तातडीच्या भेटीत वेदना थांबवण्यापुरतेच काम करायचे आणि पूर्ण उपचारासाठी पुढची वेळ द्यायची, हा नियम रिसेप्शनवरच्या व्यक्तीला लिहून द्यावा. तिने फोनवरच ‘आज डॉक्टर दुखणे थांबवतील, पुढचे काम नंतरच्या भेटीत होईल’ असे सांगितले, की रुग्णाची अपेक्षाही योग्य राहते आणि तुमच्यावर मध्येच संपूर्ण रूट कॅनॉल उरकण्याची वेळ येत नाही.

तिसरी गोष्ट क्रमाची. दाढेचे पुन्हा करावे लागणारे रूट कॅनॉल, हाडात अडकलेली अक्कलदाढ काढणे किंवा घाबरलेल्या लहान मुलावर उपचार करणे ही तीन वेगवेगळ्या प्रकारे दमवणारी कामे आहेत. ती एकामागून एक ठेवू नयेत. लक्ष सर्वांत चांगले लागते त्या वेळी दिवसातले एक अवघड काम घ्यावे आणि त्यानंतर टाके काढणे, तपासणी किंवा कॅप बसवून पाहणे असे हलके काम ठेवावे. एका दिवसात अवघड कामे किती घ्यायची याची संख्या ठरवून ती वहीच्या पहिल्या पानावर लिहावी, म्हणजे नकार देण्याचे ओझे दर वेळी नव्याने उचलावे लागत नाही.

दुपारची सुट्टी आणि शेवटची वीस मिनिटे वहीत रुग्णाच्या नावासारखी लिहून ठेवावीत. सुट्टी जेवणासाठी आणि शेवटची वीस मिनिटे राहिलेल्या नोंदी, लॅबला द्यायच्या सूचना व उद्याची यादी पाहण्यासाठी. अपुऱ्या नोंदी घेऊन घरी गेलेला दंतवैद्य शरीराने घरी असतो, मनाने क्लिनिकमध्येच असतो.

येथे उत्पन्नाचा प्रश्न निघणारच, आणि तो टाळणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. खुर्ची, एक्स-रे यंत्र आणि जागा यांसाठी घेतलेल्या कर्जाचा हप्ता पुष्कळ ठिकाणी वही भरत असतो. म्हणून महिन्याचा एकूण खर्च आणि हप्ता भागवण्यासाठी किमान किती तास खुर्चीवर काम करणे गरजेचे आहे, याचा हिशेब एकदा कागदावर मांडावा. गर्दीच्या दिवसाची कमाई मोजताना त्या दिवशीच्या घाईमुळे पुन्हा करावी लागलेली कामे, म्हणजे निघालेल्या फिलिंग, न बसलेल्या कॅप, पुन्हा घ्यावी लागलेली मापे, हीदेखील वजा धरावीत. त्यासाठीचा वेळ फुकट जातो आणि मनस्ताप वेगळा होतो. हिशेब तरीही जुळत नसेल, तर आणखी एक संध्याकाळचे सत्र सुरू करण्याआधी कर्जाची मुदत वाढवून घेता येते का, हे विचारावे. व्याज थोडे जास्त जाईल, परंतु थकलेल्या हातांनी वाढवलेल्या तासांची किंमत त्याहून मोठी असते, असे माझे ठाम मत आहे.

खुर्ची, मान आणि आवाज

शरीराचे दुखणे आणि मनाचा थकवा वेगळे ठेवता येत नाहीत. दुपारनंतर मान ठणकू लागली की संयम आपोआप कमी होतो. रुग्णाचे तोंड तुमच्या कोपराच्या उंचीवर असावे, खांदे सैल असावेत आणि मान २० ते २५ अंशांपेक्षा जास्त झुकू नये. वरच्या जबड्यावर काम करताना रुग्णाला पूर्ण आडवे करून हनुवटी वर करायला सांगावे. अनेक दंतवैद्य रुग्णाला अवघडल्यासारखे होईल म्हणून त्याला अर्धवट बसवतात आणि स्वतः वाकतात. रुग्ण अर्धा तास त्या स्थितीत असतो, तुम्ही वर्षानुवर्षे असता. त्याला कारण सांगून डोके वळवायची विनंती करण्यात काहीही गैर नाही. काम मोठे दिसावे म्हणून डोळ्यांवर लावायचे भिंग घेताना त्याचा कल स्वतःच्या बसण्याच्या पद्धतीनुसार मोजून घ्यावा, कारण कल चुकलेले भिंग मानेला उलट अधिक वाकवते. सक्शन (तोंडातली लाळ व पाणी ओढून घेणारी नळी) धरणे आणि उपकरणे देणे-घेणे यासाठी प्रशिक्षित सहायक असणे ही चैन नसून पाठीची गरज आहे.

आवाजाकडे फारसे कोणी लक्ष देत नाही. मिनिटाला लाखो फेरे घेणारा एअरोटर (हवेवर चालणारे ड्रिल), सक्शन आणि दातांवरचा थर काढणारा अल्ट्रासोनिक स्केलर यांचा एकत्रित आवाज आठ तासांसाठी शिफारस केलेल्या ८५ डेसिबलच्या मर्यादेजवळ जाऊ शकतो, विशेषतः उपकरणे जुनी असतील तर. बोलणे ऐकू येईल पण तीव्र आवाज गाळला जाईल अशा प्रकारच्या कानातल्या बोळ्या मिळतात. त्या वापराव्यात आणि कॉम्प्रेसर खोलीबाहेर ठेवावा.

भीती, तक्रार आणि चूक

आपला रुग्ण जागा असतो, घाबरलेला असतो, त्याचा चेहरा हातभर अंतरावरही नसतो आणि त्याला बोलता येत नाही. अशा माणसासमोर तासन्‌तास शांत दिसत राहणे हे स्वतंत्र काम आहे. समाजशास्त्रज्ञ आर्ली हॉकशिल्ड यांनी १९८३ मध्ये त्याला भावनिक श्रम म्हटले. हे श्रम कमी करण्याचा सर्वांत सोपा मार्ग म्हणजे रुग्णाच्या हाती थोडे नियंत्रण देणे. काम सुरू करण्यापूर्वी ‘डावा हात वर केलात की मी लगेच थांबेन’ असे सांगावे आणि पहिल्यांदा हात वर होताच खरोखर थांबावे. ज्या रुग्णाला थांबवता येते तो कमी घाबरतो, आणि तो कमी घाबरला की तुमचेही खांदे खाली येतात. अतिशय भीती वाटणाऱ्या रुग्णाची पहिली भेट केवळ बोलण्यासाठी आणि तपासणीसाठी ठेवावी.

‘पुरेसे चांगले’ म्हणजे काय, हे काम सुरू होण्याआधी ठरवलेले असावे. रूट कॅनॉलचे भरण एक्स-रेवर मुळाच्या टोकापासून दोन मिलिमीटरच्या आत, सलग आणि पोकळी न ठेवता दिसत असेल, तर ते मान्य निकषांत बसते. निकष लिहिलेला असला की काम कुठे थांबवायचे हे कळते. नसला की दंतवैद्य रात्री झोपेतही तो एक्स-रे पाहत राहतो. मिलिमीटरच्या भाषेत विचार करण्याची सवय कामात गुण आहे, स्वतःला जोखताना मात्र ती जाच ठरते.

आणि तरीही चूक होते. मुळातली पोकळी साफ करताना तिच्यात बारीक सुईसारखी फाइल तुटते, मूळ मोडते, भलत्याच दिशेने छिद्र पडते. चुकीनंतर स्वतः वैद्यकीय व्यावसायिकही खोल जखमी होतो, याकडे अल्बर्ट वू यांनी २००० साली लक्ष वेधले आणि अशा व्यावसायिकाला दुसरा बळी म्हटले. या प्रसंगासाठी क्लिनिकमध्ये आधीच क्रम ठरलेला असावा: काम थांबवावे, रुग्णाला काय घडले आणि पुढे कोणते पर्याय आहेत हे स्पष्ट सांगावे, घटना जशी घडली तशी त्याच दिवशी लिहावी, विमा असल्यास कळवावे, आणि दिवस संपण्याआधी एका विश्वासातल्या सहकाऱ्याशी बोलावे. शेवटची पायरी बहुतेक जण गाळतात. लपवलेली चूक मनात मोठी होत जाते.

अधिकार आणि सोबत

रॉबर्ट कारासेक यांनी १९७९ मध्ये मांडलेल्या सिद्धांतानुसार कामाचा ताण सर्वांत घातक होतो तो मागण्या जास्त आणि निर्णयाचा अधिकार कमी असतो तेव्हा. पगारावर किंवा टक्केवारीवर काम करणाऱ्या तरुण दंतवैद्यांची स्थिती नेमकी अशी असते: किती रुग्ण पाहायचे, कोणते साहित्य वापरायचे, कॅप कोणत्या लॅबकडून करून घ्यायची, हे दुसरे कोणी ठरवते, आणि काम बिघडले तर नाव मात्र त्यांचे जाते. अशा दंतवैद्याने ‘मला फार ताण येतो’ असे सांगण्याऐवजी नोंदवही घेऊन बसावे आणि एकच मागणी करावी. उदाहरणार्थ: दाढेच्या रूट कॅनॉलला सध्या धरलेला वेळ बहुतेकदा पुरत नाही, तो वाढवून सहा आठवडे पाहू, आणि त्या काळात किती कामे पुन्हा करावी लागली तेही मोजू. आकड्यांवर चर्चा करता येते, भावना मात्र सहज झटकल्या जातात. ठरावीक संख्येने कॅप किंवा इम्प्लांट ‘करून द्या’ असा आग्रह होत असेल, तर तो निव्वळ ताणाचा प्रश्न राहत नाही. गरज नसलेला उपचार सुचवावा लागणे माणसाला आतून पोखरते, आणि तेथे तडजोडीला जागा नाही. उपचाराची गरज कशावरून ठरवली, हे प्रत्येक वेळी नोंदीत लिहावे.

मालक असलेल्या दंतवैद्याकडे अधिकार असतो, पण त्याला सोबत नसते. कॉम्प्रेसर बिघडला, सहायक रजेवर गेला, कर भरायचा राहिला, हे सगळे दोन रुग्णांच्या मधल्या चार मिनिटांत त्याच्यापर्यंत येते. त्यातली कोणती कामे दुसऱ्यावर पूर्णपणे सोपवता येतील, याची यादी करून ती खरोखर सोपवावीत, आणि उरलेल्यांसाठी आठवड्यातले दोन तास खुर्चीपासून दूर काढून ठेवावेत. आपल्याकडे काम करणाऱ्या दंतवैद्यांना आणि सहायकांना महिन्यातून एकदा तरी ‘या महिन्यात कोणती गोष्ट सर्वांत जड गेली’ असे विचारावे, आणि त्यातली एक तरी लगेच बदलावी. विचारून काहीच न बदलणे हे न विचारण्यापेक्षा वाईट.

चार-पाच समव्यावसायिकांनी महिन्यातून एकदा भेटून अडलेल्या केसेसवर मोकळेपणाने बोलावे, ही फार जुनी पण अजूनही सर्वांत परिणामकारक पद्धत वाटते. कामातले वैविध्यही असाच आधार देते: फिनिश दंतवैद्यांच्याच २००५ मधील अभ्यासात काम अवघड असतानाही ज्यांच्या कामात वेगवेगळी कौशल्ये लागत होती, त्यांची कामाविषयीची ओढ अधिक टिकलेली दिसली. म्हणून आठवड्यातला काही वेळ शाळेतली तपासणी, अध्यापन किंवा आवडीच्या एखाद्या उपचारप्रकारासाठी राखावा. कामानंतर क्लिनिकचा फोन वेगळा ठेवून तातडीचे कॉल सहकाऱ्यांमध्ये आळीपाळीने वाटून घ्यावेत, म्हणजे निदान काही रात्री पूर्ण आपल्या राहतील.

बदल एका वेळी एकच करावा, सुरुवात वहीपासून करावी, आणि तीन महिन्यांनी तीच १९ प्रश्नांची प्रश्नावली पुन्हा भरावी. गुण घटले नाहीत आणि मागितलेले बदलही नाकारले गेले, तर ती जागा सोडण्याचा विचार करणे रास्त आहे. तो निर्णय कामाच्या दिवसाच्या शेवटी घेऊ नये. काही दिवसांची रजा घेऊन, विश्वासातल्या व्यक्तीशी बोलून घ्यावा. दिवस कमी करणे, सार्वजनिक आरोग्यसेवेत किंवा अध्यापनात जाणे, दुसऱ्या क्लिनिकमध्ये कमी खुर्च्यांवर काम करणे असे मधले पर्यायही असतात. जाण्याआधी सुरू असलेल्या उपचारांची यादी तयार करावी: कोणते रूट कॅनॉल अर्धवट आहे, कोणत्या दाढेवर तात्पुरती कॅप आहे, कोणाच्या दातांच्या तारा चालू आहेत, आणि प्रत्येकाला पुढची भेट कधी हवी. ती यादी, एक्स-रे आणि नोंदी पुढच्या दंतवैद्याच्या हाती समक्ष द्याव्यात, आणि ज्या रुग्णांचे काम अर्धवट आहे त्यांना पुढे कोण पाहणार हे स्वतः कळवावे.